भाव निवडताना

2010 साली मी निफ्टीच्या वायद्यासाठी एक साधी पद्धत कागदावर मांडली होती. भावाने वीस दिवसांचा उच्चांक ओलांडला की घ्यायचे, दहा दिवसांचा नीचांक मोडला की विकून मोकळे व्हायचे. एका विक्रेत्याकडून ‘सलग’ निफ्टी वायद्याची फाइल विकत आणली. दहा वर्षांचे भाव तारखेवार, एकाखाली एक, कुठे खंड नाही. दोन रात्री जागून चाचणी केली आणि नफ्याचा आलेख पाहून तिसऱ्या रात्री आनंदानेच झोप आली नाही. पुढच्या महिन्यात खरे पैसे लावले. आठ महिन्यांनी हिशेब मांडला, तेव्हा चाचणीतला नफा आणि खात्यातली शिल्लक यांचा मेळ कुठेच बसेना.

आधी वाटले, पद्धतच चुकली. वीसच्या जागी पंचवीस दिवस करून पाहिले, दहाच्या जागी बारा. चाचणी दर वेळी तितकीच गोड बोलायची. शेवटी एका रविवारी वही घेऊन बसलो आणि प्रत्येक महिन्याचा शेवटचा गुरुवार व त्यानंतरचा शुक्रवार असे दोन-दोन दिवसांचे भाव हाताने लिहून काढले. दोष तिथे होता. गुरुवारी चालू महिन्याचा वायदा 5,100 ला संपत असेल, तर त्याच वेळी पुढच्या महिन्याचा वायदा साधारण 5,125 ला असे, कारण पुढच्या वायद्याच्या भावात तेवढ्या दिवसांचे व्याज धरलेले असते. माझ्या फाइलमध्ये गुरुवारपर्यंत जुना वायदा होता आणि शुक्रवारपासून नवा. जोड तशीच उघडी. बाजार जागचा हलला नाही तरी फाइलमधला भाव पंचवीस अंकांनी चढायचा आणि पद्धत खरेदीत असली की ते पंचवीस अंक नफ्यात जमा व्हायचे. तेव्हा निफ्टीचा लॉट 50 चा होता. एका जोडाचे साडेबाराशे रुपये, वर्षाच्या बारा जोडांचे पंधरा हजार. हे पैसे बाजारात कुणी कुणाला दिलेलेच नव्हते. प्रत्यक्षात मी 5,100 ला विकून 5,125 ला पुन्हा घेत होतो. हाती काही येत नव्हते, उलट दोन्ही बाजूंची दलाली जात होती. वीस दिवसांचा उच्चांक मोडल्याचे काही इशारेही त्या खोट्या उडीनेच दिलेले निघाले.

या पुस्तकाचे बीज त्या रविवारच्या वहीत आहे. ट्रेडिंगच्या पद्धतींवर मराठीत आता बरेच लिहिले जाते, वर्ग चालतात, कार्यशाळा होतात. पद्धत ज्या भावांवर तपासायची ते भाव कसे तयार करायचे, यावर मात्र फारसे कुणी बोलत नाही. ते काम कारकुनी समजले जाते. माझे मत नेमके उलटे आहे. वायद्याच्या चाचणीत बहुतेक निर्णय भाव तयार करतानाच होऊन जातात आणि नंतरचे नियम त्या निर्णयांवर उभे राहतात. भाव निवडताना एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारावा लागतो: त्या दिवशी, त्या क्षणी, हा भाव मला मिळाला असता का? पुढची सगळी प्रकरणे या प्रश्नाभोवती फिरतात.

वायद्याचा स्वभाव आधी नीट ओळखला पाहिजे. कंपनीचा शेअर वर्षानुवर्षे बाजारात असतो आणि त्याचा भाव ही एकच लांब रेषा असते. वायद्याला मुदत असते. राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीचा वायदा 12 जून 2000 रोजी सुरू झाला. एका वेळी तीन महिन्यांचे वायदे चालतात: चालू, पुढचा आणि त्यापुढचा. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी चालू वायदा संपत असे आणि मागून नवा उभा राहत असे. सप्टेंबर 2025 पासून तो गुरुवार मंगळवार झाला; ज्यांच्या प्रोग्रॅममध्ये ‘शेवटचा गुरुवार’ पक्का लिहिलेला होता, त्यांची जोड त्या महिन्यापासून चुकीच्या दिवशी पडू लागली असणार. म्हणजे ‘निफ्टी वायद्याचा पंचवीस वर्षांचा इतिहास’ असे आपण म्हणतो तेव्हा हातात असतात तीनशेहून अधिक छोटे तुकडे. त्यांची एक रेषा कुणीतरी जोडून केलेली असते. जोडणारा कोण, त्याने कुठे जोडले आणि कसे जोडले, हे कळल्याशिवाय त्या रेषेवर विश्वास टाकू नये.

आपल्या मुलखाला वायदा नवा नाही. मुंबईत कापसाच्या वायद्यासाठी बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन 1875 मध्ये स्थापन झाली. सांगलीत हळदीचा वायदा चालत असे. शेअर बाजारातला बदला 2001 मध्ये बंद झाला तेव्हा त्याची जागा या नव्या वायद्यांनी घेतली. तो इतिहास मोठा आहे, पण या पुस्तकाच्या कामाचा भाग 2000 नंतरचा आहे, कारण चाचणीला पुरतील असे रोजचे, सर्वांना मिळणारे भाव तिथून पुढे हाती येतात.

तर, जोड. जोडण्याच्या तीन चाली रूढ आहेत. पहिली, आहे तसे एकापुढे एक ठेवणे. माझी फाइल तशीच होती. तिच्याबद्दल आणखी सांगायला नको. दुसरी, जोडाच्या दिवशी दोन वायद्यांतला फरक काढायचा आणि तो मागच्या सगळ्या भावांत मिळवायचा. वरच्या उदाहरणात 25 अंक मागच्या प्रत्येक दिवसाच्या भावात वाढतात, उडी नाहीशी होते आणि प्रत्येक सौद्याचा नफा-तोटा अंकांत बरोबर येतो. तिसरी, फरकाऐवजी गुणोत्तर घ्यायचे: 5,125 भागिले 5,100 येईल त्या आकड्याने मागचे सगळे भाव गुणायचे. यात टक्केवारी बरोबर राहते.

दुसरी चाल मी सर्वात जास्त वापरतो, आणि म्हणूनच तिचे दोष आधी सांगतो. निफ्टीचा पुढचा वायदा बहुतेक वेळा चालू वायद्यापेक्षा महाग असतो. प्रत्येक जोडाला मागचा इतिहास थोडा वर उचलला जातो आणि तीनशे जोडांनंतर ही उचल काही हजार अंकांची होते. 2000 साली निफ्टी दीड हजाराच्या आसपास होता. जोडलेल्या फाइलमध्ये तोच काळ कितीतरी वर तरंगताना दिसतो. त्या दिवशी बाजार तीस अंक हलला असेल तर ती दोन टक्क्यांची हालचाल होती. फाइलमध्ये ती अर्ध्या टक्क्याच्याही खाली दिसू शकते. ‘दोन टक्क्यांचा स्टॉपलॉस’ असा नियम या फाइलवर चालवला तर 2000 चा स्टॉपलॉस आणि 2020 चा स्टॉपलॉस या दोन निराळ्याच गोष्टी होतात. जिथे पुढचा वायदा नेहमी स्वस्त असतो त्या बाजारात याच्या उलट घडते: इतिहास खाली खाली जातो आणि जुने भाव शून्याच्याही खाली उतरतात. शिवाय दर महिन्याला नवी जोड पडली की मागचा प्रत्येक आकडा बदलतो. गेल्या वर्षी उतरवलेली फाइल आणि आजची फाइल यांतला एकही जुना भाव जुळत नाही, आणि दोन्ही बरोबर असतात.

म्हणून पुस्तकभर मी दोन फाइली शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. इशारे जोडलेल्या फाइलवरून घ्यायचे. रुपये, टक्के, मार्जिन आणि दलाली मूळ वायद्याच्या भावावरून मोजायची. काम दुप्पट होते, हे खरे. त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

जोड कोणत्या दिवशी घालायची हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तो किती भारी पडू शकतो हे कच्च्या तेलाने दाखवले. 20 एप्रिल 2020, सोमवार. न्यूयॉर्कच्या बाजारात डब्ल्यूटीआय तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. त्याच दिवशी जूनचा वायदा 20.43 डॉलरवर होता. दोन शेजारच्या महिन्यांत 58.06 डॉलरचा फरक. टाळेबंदीने मागणी आटली होती, साठवणुकीच्या टाक्या भरत चालल्या होत्या आणि मुदत संपायला एक दिवस उरला असताना ज्यांना तेल ठेवायला जागा नव्हती ते वायदा अंगावरून उतरवण्यासाठी पैसे द्यायला तयार होते. आता या दिवशी जोड घातली असे समजा. फरकाच्या चालीने मागच्या प्रत्येक भावात 58.06 डॉलर मिळवले जातील. एप्रिलच्या सुरुवातीला वीस डॉलरच्या आसपास विकले गेलेले तेल फाइलमध्ये अठ्ठ्याहत्तरच्या आसपास दिसेल. गुणोत्तराची चाल तर इथे मोडूनच पडते: 20.43 ला उणे 37.63 ने भागले की उणे आकडा येतो आणि सगळा इतिहास उलटा होऊन शून्याखाली जातो. हीच जोड आठवडाभर आधी घातली असती तर फरक दहा डॉलरच्या आत होता. एकाच बाजाराच्या, एकाच काळाच्या दोन फाइली, आणि दोहोंतला फरक फक्त एका तारखेचा.

आपल्या मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजवरचा एप्रिलचा कच्च्या तेलाचा वायदा त्याच दिवशी संपत होता. टाळेबंदीमुळे इथला व्यवहार संध्याकाळी पाचला बंद झाला. शेवटचा भाव होता 965 रुपये. न्यूयॉर्कमधली पडझड आपल्या रात्री झाली, तेव्हा इथे कुणालाही विकता येत नव्हते. वायद्याचा अखेरचा हिशेब मात्र न्यूयॉर्कच्या भावावर होता आणि तो उणे 2,884 रुपयांवर झाला. एक लॉट म्हणजे 100 पिंपे. ज्याच्याकडे एक लॉट खरेदी उभी होती, त्याने बाजार बंद झाल्यानंतर 3,84,900 रुपये गमावले. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले.

हा दिवस मी मुद्दाम विस्ताराने सांगतो आहे, कारण भाव साफ करणाऱ्या किती तरी प्रोग्रॅममध्ये पहिलीच ओळ असते: शून्य किंवा त्याखालचा भाव दिसला तर ती नोंद काढून टाका. ती ओळ 20 एप्रिल पुसून टाकते. ज्या दिवसाने माणसे कर्जात बुडाली, तो दिवस चाचणीत घडतच नाही. पाचनंतर विकता येत नव्हते हेही फाइल सांगत नाही. ती फक्त दिवसाचा शेवटचा आकडा दाखवते. आपल्या प्रश्नाचे उत्तर इथे दोन भागांत येते. 965 हा भाव मिळाला असता, पाचच्या आत. उणे 2,884 हा भाव कुणी मागितला नव्हता, तरी तो द्यावा लागला. चाचणीत दोन्ही हवेत.

याच्या अगदी उलट जातीचा शून्य आपल्या भावकॉपीत रोज असतो. राष्ट्रीय शेअर बाजार रोज संध्याकाळी वायद्यांची भावकॉपी प्रसिद्ध करतो. चिन्ह, मुदतीची तारीख, उघडता भाव, वरचा, खालचा, बंद भाव, सेटलमेंटचा भाव, किती कॉन्ट्रॅक्टचे व्यवहार झाले आणि किती सौदे उभे राहिले, अशी एकेक ओळ. चाचणी करणाऱ्याला याहून मोलाचा दस्तऐवज नाही आणि तो फुकट मिळतो. पण तो वाचता आला पाहिजे. दूरच्या महिन्याच्या एखाद्या वायद्यात दिवसभर एकही सौदा झाला नाही, तर उघडता, वरचा आणि खालचा या तिन्ही रकान्यांत शून्य छापलेला असतो आणि सेटलमेंटचा भाव मात्र हिशेबाने काढून दिलेला असतो. ही ओळ जशीच्या तशी चाचणीत गेली की दिवसाचा खालचा भाव शून्य ठरतो आणि खरेदीवरचा प्रत्येक स्टॉपलॉस त्या दिवशी लागतो. तेलाचा उणे भाव खरा होता. हा शून्य खोटा आहे. आकडे नुसते पाहून कोणता कोणता ते ओळखता येत नाही. शेजारचा व्यवहाराच्या संख्येचा रकाना पाहिला की लगेच कळते.

बंद भावाचीही अशीच गोष्ट. बरेच जण समजतात की बंद भाव म्हणजे साडेतीनला झालेला शेवटचा सौदा. आपल्याकडे वायद्याचा बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी असतो. मुदतीच्या दिवशीचा अखेरचा हिशेब तर वायद्याच्या भावावर होतच नाही. तो मूळ निर्देशांकाच्या बंद भावावर होतो. ‘बंद भावाला घेतले’ असे चाचणीत लिहिणारा माणूस अर्ध्या तासाच्या सरासरीला घेतल्याचे सांगत असतो आणि ती सरासरी किती आली हे कळते तेव्हा बाजार उठलेला असतो. शांत दिवशी फरक दोन-चार अंकांचा पडतो. जिथे शेवटच्या वीस मिनिटांत बाजार एका बाजूला पळाला, तिथे तो पद्धतीचा सगळा नफा खाऊ शकतो.

मिनिटांचे भाव वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. 9:15 असे नाव असलेल्या कँडलमध्ये 9:15 ते 9:16 चे सौदे असतात की 9:14 ते 9:15 चे? काही विक्रेते सुरुवातीची वेळ लिहितात, काही शेवटची. दोन ठिकाणच्या फाइली एकत्र केल्या की पद्धतीला एक मिनिट पुढचे दिसू लागते आणि निकाल अचानक सुधारतो. कारण नसताना निकाल सुधारला, तर मी पहिल्यांदा वेळेचा रकाना तपासतो.

वेळ हा तर स्वतंत्र प्रकरणाचाच विषय आहे आणि मी तो तसाच घेतला आहे. 2009 च्या अखेरपर्यंत आपला बाजार सकाळी 9:55 ला उघडत असे. 4 जानेवारी 2010 पासून तो नऊला उघडू लागला. त्याच वर्षी 18 ऑक्टोबरपासून नऊ ते सव्वानऊ हे पूर्वसत्र आले आणि मुख्य व्यवहार सव्वानऊला सुरू होऊ लागला. ‘पहिल्या अर्ध्या तासाचा उच्चांक मोडला की घ्या’ असा नियम पंधरा-वीस वर्षांवर तपासायचा असेल, तर पहिला अर्धा तास म्हणजे काय हे दोनदा बदललेले आहे. लक्ष्मीपूजनाचा मुहूर्ताचा व्यवहार तासाभराचा. तो पूर्ण दिवस धरला की सरासरी चालीचे गणित बिघडते. 1 फेब्रुवारी 2020 आणि 1 फेब्रुवारी 2025 हे दोन्ही शनिवार होते आणि अर्थसंकल्पामुळे बाजार चालू होता. 20 जानेवारी 2024 च्या शनिवारीही पूर्ण व्यवहार झाला आणि सोमवारी सुट्टी होती. शनिवारच्या नोंदी सरसकट गाळणारा प्रोग्रॅम हे दिवस फेकून देतो. मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजवर रात्री बंद व्हायची वेळ अमेरिकेतल्या घड्याळाप्रमाणे साडेअकरा आणि अकरा पंचावन्न अशी वर्षातून दोनदा बदलते. आपले घड्याळ हलत नाही, म्हणून हे लक्षातच येत नाही.

आता विचित्र दिवस. 5 ऑक्टोबर 2012 च्या सकाळी एका दलालाकडून चुकीच्या ऑर्डरी गेल्या आणि आदल्या दिवशी 5,787.60 वर बंद झालेला निफ्टी काही क्षणांत 4,888.20 पर्यंत कोसळला. थोड्या वेळाने बाजार सावरला. ते सौदे रद्द झाले नाहीत. मग तो खालचा भाव ठेवायचा की काढायचा? माझे उत्तर: ठेवायचा आणि खूण करायची. पद्धतीने त्या दिवशी विक्रीचा स्टॉपलॉस ठेवला असता तर तो कोसळत्या भावात लागला असता, हे सत्य आहे. पण पद्धतीने त्याच तळाला खरेदी केली असा नफा चाचणीत दिसला, तर तो मी मान्य करत नाही, कारण त्या सेकंदांत तिथे घेणारा मी असतो याची कुणीही हमी देऊ शकत नाही. तोटा खरा धरा, नफा धरू नका. हा एकतर्फी नियम आहे आणि तो जाणूनबुजून तसा ठेवला आहे.

18 मे 2009 ची गोष्ट याहून बोलकी आहे. शनिवारी लोकसभेचे निकाल लागले. सोमवारी बाजार उघडताच काही सेकंदांत वरचे सर्किट लागले, व्यवहार थांबला, पुन्हा उघडला, पुन्हा सर्किट लागले आणि दिवस संपला. निफ्टी सतरा टक्क्यांहून अधिक वर. रोजच्या फाइलमध्ये ही इतर दिवसांसारखीच एक ओळ आहे: उघडता, वरचा, खालचा, बंद. ज्याची विक्री उभी होती तो त्या ओळीत कुठेतरी बाहेर पडला असता असे प्रोग्रॅम समजतो. प्रत्यक्षात बहुतेकांना बाहेर पडायला दार नव्हते. 24 फेब्रुवारी 2021 ला तांत्रिक बिघाडाने राष्ट्रीय शेअर बाजार 11:40 ला थांबला, 3:45 ला सुरू झाला आणि पाचला बंद झाला. त्या दिवसाच्या मिनिटांच्या फाइलमध्ये चार तासांचे भोक आहे. काही विक्रेते ते आधीच्या शेवटच्या भावाने भरून देतात. भरलेले भोक रिकाम्या भोकापेक्षा वाईट, कारण रिकामे निदान दिसते.

लॉटचे आकार आणि कर याबद्दल थोडक्यात. निफ्टीचा लॉट सुरुवातीला 200 होता. पुढे तो 100, 50, 25, 75, पुन्हा 50, पुन्हा 25, पुन्हा 75 असा बदलत गेला. आजच्या लॉटने 2003 चा सौदा मोजू नये. वायद्याच्या विक्रीवरचा एसटीटी 1 ऑक्टोबर 2024 ला 0.0125 टक्क्यांवरून 0.02 टक्के झाला. रोज चार सौदे करणाऱ्या पद्धतीचा निकाल या एका ओळीने पालटू शकतो. म्हणून तारखेनुसार बदलणारा तक्ता हवा आणि तो परिशिष्टात दिला आहे.

शेअरच्या वायद्यांत अडचण निराळी. आज वायदा चालू असलेल्या कंपन्यांची यादी घेऊन मागची पंधरा वर्षे तपासणे हा सर्रास चालणारा प्रकार आहे. या यादीत टिकलेलेच असतात. सत्यम कॉम्प्युटर्स 2009 च्या सुरुवातीला निफ्टीत होती आणि तिचे वायदे जोरात चालत. 7 जानेवारी 2009 ला तिचा भाव एका दिवसात पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक कोसळला. आजच्या यादीत सत्यम नाही, म्हणून आजच्या यादीवर केलेल्या चाचणीत 7 जानेवारी हा साधा बुधवार आहे. त्या त्या महिन्यात कोणते वायदे चालू होते याची यादी जुन्या भावकॉप्यांतूनच काढावी लागते. कंटाळवाणे काम आहे, पण त्याशिवाय निकालाला किंमत नाही. बोनस आणि विभाजनाचे तसेच: रिलायन्सने 2017 मध्ये एकास एक बोनस दिला तेव्हा भाव निम्मा आणि लॉट दुप्पट झाला. कुणाचे नुकसान झाले नाही, पण न सुधारलेली फाइल पन्नास टक्क्यांची पडझड दाखवते.

शेतमालाच्या वायद्यांचे प्रकरण लिहिताना मला सर्वात जास्त वेळ लागला, कारण तिथे भाव निवडण्याआधी भाव आहेत की नाहीत इथून सुरुवात होते. 2012 च्या मार्चमध्ये गवारीचे वायदे थांबवले गेले, ते मे 2013 मध्ये परत सुरू झाले. 20 डिसेंबर 2021 ला सेबीने सोयाबीन, हरभरा, मोहरी, मूग, गहू, बिगरबासमती भात आणि कच्चे पामतेल यांचे वायदे स्थगित केले. चालू वायद्यांत नवा सौदा करता येत नव्हता, फक्त जुना सोडवता येत होता. मराठवाड्यात आणि विदर्भात ज्यांच्या घरी सोयाबीनची पोती असतात त्यांना ही तारीख लक्षात आहे. अशा फाइलवर चाचणी करणाऱ्याने हे ठरवले पाहिजे की त्या सोमवारी त्याची पद्धत कुठल्या बाजूला उभी होती आणि कोणत्या भावाला बाहेर पडली. स्थगितीच्या आदल्या दिवशी फाइल संपवून टाकणे हा पळ काढण्याचा मार्ग आहे.

साफसफाईची शिस्त काय, हे पुस्तकात जागोजागी येईल. इथे फक्त दोन गोष्टी. उतरवून घेतलेली मूळ फाइल कधीही बदलू नये. तिची प्रत करून प्रतीवर काम करावे आणि प्रत्येक बदल तारीख, जुना आकडा, नवा आकडा आणि कारण अशा चार रकान्यांत लिहून ठेवावा. आमच्या घरी आई तांदूळ निवडताना काढलेले खडे लगेच फेकत नसे, ताटाच्या कडेला ठेवायची; शेवटी एकदा पाहायची की खड्यांत कणी तर गेली नाही ना. बदलांची वही ही ती कड आहे. दुसरी गोष्ट म्हणजे शेवटची तीन-चार वर्षे चाचणी सुरू करण्याआधीच वेगळी काढून ठेवावीत आणि पद्धत पक्की होईपर्यंत त्यांचा आलेखही उघडू नये. एकदा पाहिलेला भाव न पाहिलेला करता येत नाही.

या पुस्तकात नफा देणारी पद्धत नाही. वाचकाने ती अपेक्षा ठेवून पुढे जाऊ नये. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात होत्या आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्यातल्या किती जणांनी आधी चाचणी केली होती, हे तो आकडा सांगत नाही. माझ्यापुरते एवढे सांगू शकतो की 2010 सालची माझी चाचणी अशा भावांवर उभी होती जे मला कधीच मिळाले नसते, आणि तेव्हा ते सांगणारे मराठी पान माझ्या हाती असते तर आठ महिने वाचले असते.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक काम करा. कोणत्याही एका वर्षाचे बारा मुदतीचे दिवस घ्या, त्या बारा दिवसांच्या भावकॉप्या राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि निफ्टीच्या चालू व पुढच्या महिन्याचे भाव हाताने वहीत लिहा. फरक काढा. पहिल्या प्रकरणातला पहिला तक्ता अशाच बारा आकड्यांचा आहे. तुमचा तुम्ही तयार करा आणि मगच पान उलटा.